गळ्याकडे बघणाऱ्या सिस्टर

मेश्राम सिस्टर कुणाशीही बोलताना त्याच्या तोंडाकडे बघत नसत, गळ्याकडे बघत. भाजीवाला असो, लग्नातला नवरदेव असो की सिलिंडर घेऊन आलेला माणूस, सिस्टरांची नजर नेमकी हनुवटीखालच्या खळग्यावर जाऊन बसायची. आमच्या घरमालकीण भाभीजींचा तर पहिल्याच महिन्यात पक्का समज झाला होता, की या बाईचा आपल्या सोन्याच्या हारावर डोळा आहे. सिस्टर जिन्यात दिसल्या की भाभीजी पदर गळ्याभोवती लपेटून घेत आणि नंतर मला हळूच म्हणत, "आपके यहाँ की हैं, इसलिए कुछ बोलती नहीं."

मी एकदा धीर करून सिस्टरांना हे सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला. "अवं माय! तिच्या हाराले काय करू मी? तीस वर्षं लेकरांच्या वॉर्डात काढली. लहान लेकरू 'मले दम लागला' असं थोडंच म्हणते? ते इथं दिसते," असं म्हणून त्यांनी आपल्याच गळ्याच्या खळग्यावर बोट ठेवलं. "श्वास नाही पुरला की ही जागा आत ओढते. आता डोळ्यांले सवयच लागली, तर मी काय करू?"

सिस्टर मूळच्या नागपूरच्या. यजमान रेल्वेत गार्ड होते, त्यांच्या बदल्यांमागं फिरत फिरत त्या जयपूरला पोचल्या, इथंच नोकरी केली, इथंच निवृत्त झाल्या. यजमान गेल्यावरही दुर्गापुऱ्यातल्या तळमजल्याच्या दोन खोल्या त्यांनी सोडल्या नाहीत. मुलगा मिलिंद नागपूरला. तो दर दिवाळीला न्यायला यायचा आणि दर दिवाळीला एकटाच परत जायचा. "तिथं सगळे ओळखीचे," सिस्टर सांगत. "सकाळी दात घासायच्या आधी बीपी मोजून घ्यायले येतील."

माझे यजमान प्रशांतही रेल्वेचे, सिग्नल खात्यातले. मिरजेहून बदली होऊन आम्ही सिस्टरांच्या वरच्या मजल्यावर आलो तेव्हा आमची रेवती साडेतीन वर्षांची होती. सामान चढवताना मी हमालांवर मराठीत ओरडत होते, तेवढ्यात खालून आवाज आला, "मराठी का वो तुम्ही?" त्या एका प्रश्नानं मला इतकं बरं वाटलं की हातातला मिक्सर मी तिथंच पायरीवर ठेवला आणि खाली गेले.

आता थोडं माझ्याविषयी सांगितलं पाहिजे, कारण पुढची चूक माझी आहे. मी शिवते. लहान मुलींचे फ्रॉक ही माझी खासियत. मिरजेला माझ्याकडं बायका महिना महिना थांबायच्या. जयपूरला आल्यावर सांगानेरची छापील कापडं बघून तर मला वेडच लागायचं बाकी होतं. घरभर कापडांचे गठ्ठे, नव्या रंगाचा आणि खळीचा वास, फरशीवर धाग्यांचे तुकडे आणि सुताचा भुगा. आणि या सगळ्याच्या मध्ये माझी मुलगी, जिला माझ्या हातचा एकही फ्रॉक अंगावर सोसत नसे.

रेवतीच्या तक्रारींना अंत नव्हता. मोज्याची शिवण बोटांना लागते. मिक्सरचा आवाज कानात जातो. कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास घाण आहे. केस विंचरायला घेतले की आख्ख्या गल्लीला कळायचं. आणि फ्रॉक घातला की थोड्या वेळानं बोटं गळ्यात घालून ओढायला लागायची. "मम्मी, टोचतंय. मतलब इथे, इथे!"

शिवणाऱ्या बाईच्या मुलीला गळा टोचतो म्हणजे काय! मी हट्टाला पेटले. उसवणी घ्यायची, गळा उसवायचा, मोठा करायचा, आतून मऊ मलमलची पट्टी लावायची. दोन दिवस बरे जायचे, की पुन्हा बोटं गळ्यात. मी पुन्हा उसवायची. त्या उन्हाळ्यापर्यंत मी अकरा फ्रॉकांचे गळे मोठे केले होते. एकाचा तर एवढा, की तो दोन्ही खांद्यांवरून घसरून पोरीच्या कोपरांवर यायचा. अधूनमधून ती खोकायची, पण जयपूरच्या धुळीत कोण खोकत नाही, असं मला सगळेच सांगत होते.

मे महिन्यातली एक दुपार. सकाळी मोठी आंधी येऊन गेली होती आणि घरात बोटभर धूळ साचली होती. मी धूळ झटकून शिवायला बसले होते. सिस्टर ब्लाऊजला हूक लावून घ्यायला वर आल्या होत्या. रेवती कूलरपासून लांब, भिंतीला टेकून उभी होती आणि गळ्याशी बोटं नेऊन कुरकुरत होती. "मम्मी, फ्रॉक काढ. टोचतोय."

"काढते गं, थांब," मी मान वर न करता म्हणाले. हातात उसवणी होतीच.

"कोणता फ्रॉक?" सिस्टरांनी विचारलं.

मी वर बघितलं. उकाड्यामुळं सकाळपासून पोरीच्या अंगात चड्डीशिवाय काही नव्हतं.

सिस्टर तोवर उठल्याही होत्या. त्यांनी रेवतीला समोर घेतलं, गळ्याकडं बघितलं, बरगड्यांकडं बघितलं, मग पाठीला कान लावला. "पाह्य, पोट कसं ओढून राहिली," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "रिक्षा बोलाव. फ्रॉकबिक काही नको, एक चादर घे." रिक्षात त्यांनी रेवतीला आपल्या मांडीवर ताठ बसवलं होतं आणि त्या तिच्या बरगड्यांवर नजर ठेवून होत्या. मी बडबडत होते, की मला वाटलं गळा टोचतोय, मला वाटलं शिवणीत काहीतरी चुकतंय.

दमा होता. बरेच दिवसांचा असावा, असं डॉक्टर म्हणाले. वाफेच्या मशीननं औषध दिलं, तासाभरानं पोरगी माणसात आली. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. माझी मुलगी महिनोन्‌महिने मला सांगत होती आणि मी कात्री चालवत होते. सिस्टर दारात उभ्या राहिल्या, थोडा वेळ मला रडू दिलं आणि म्हणाल्या, "झालं? आता ह्या चिंध्या उचल आणि मशीन गच्चीवरच्या खोलीत ने. रडून घरातला भुगा कमी नाही होत." संध्याकाळपर्यंत माझा संसार दोन मजल्यांवर विभागला गेला होता.

खरी लढाई पुढंच होती. डॉक्टरांनी रोज दोन वेळा पंप सांगितला होता. लहान मुलांसाठी त्या पंपापुढं एक नळकांडं लावतात आणि त्याला नाकातोंडावर बसणारा मास्क असतो. जिला मोज्याची शिवण सोसत नाही, तिला तो रबराचा मास्क काय सोसणार! मी हात धरायची, प्रशांत पाय धरायचा, रेवती किंचाळायची. तिसऱ्या दिवशी ती प्रशांतच्या मनगटाला कडकडून चावली आणि आवाज ऐकून सिस्टर वर आल्या.

"तुम्ही पोट्टीले औषध देऊन राहिले का पकडून राहिले?" त्यांनी विचारलं.

"सिस्टर, ती ऐकतच नाही. हट्टी आहे हो!"

"हट्टी नाही. तिले औषधाचं काही नाही, तिले ह्या रबराचं आहे. आणि रडत्या तोंडात औषध उतरत नाही, बाहेरच उडून जाते. म्हणजे तुम्ही चावूनही घेता आणि औषधही वाया." मग प्रशांतच्या मनगटाकडं बघून त्यांनी जोडलं, "साबणानं धू ते."

त्या दिवसापासून त्यांनी काम आपल्याकडं घेतलं. "औषध एक दिवस थांबवायचं नाही, फक्त कुस्ती थांबवायची," हे त्यांचं सूत्र. मास्क कोमट पाण्यात धुऊन धुऊन त्यांनी त्याचा नव्या प्लास्टिकचा वास घालवला. द्यायच्या आधी तो दोन्ही तळव्यांत धरून गरम करत. रेवतीला आधी तो सिस्टरांच्या तोंडावर लावायला मिळे आणि त्या आतून हत्तीसारखा आवाज काढत. मग पोरीला पाठमोरी मांडीत घेऊन दोन्ही हातांनी घट्ट आवळत. मला वाटायचं, जिला साधा स्पर्श नको, ती हे कसं सहन करेल? पण हळू, गुदगुल्यांसारखा स्पर्श तिला नको असे आणि घट्ट मिठीत मात्र ती मऊ पडत असे. हे सिस्टरांना कुणी शिकवलं होतं, कुणास ठाऊक. विचारलं तर म्हणाल्या, "लेकरांनीच."

पंप दाबला की मास्क न काढता पाच श्वास घ्यायचे असतात. रेवतीला आकड्यांचा कंटाळा होता. तेव्हा गार्डच्या बायकोनं आपली विद्या काढली. "चल गाडी सुटली. बाईस गोदाम..." एक श्वास. "दुर्गापुरा..." दुसरा. "सांगानेर. शिवदासपुरा. चाकसू!" चाकसूला गाडी थांबायची, मास्क निघायचा. पंधरा दिवसांत अशी वेळ आली की मी स्टेशनं उलटसुलट केली तर रेवती मास्कच्या आतून डोळे वटारायची.

पुढं डॉक्टरांनीच आम्हाला विद्याधर नगरला एका थेरपिस्टकडं पाठवलं. तिनं रेवतीला झोपाळ्यावर, गादीवर, वाळूत खेळवत दोन-तीनदा नीट बघितलं आणि आम्हाला आधी एक लांबलचक इंग्रजी नाव सांगून मग साध्या भाषेत समजावलं. अंगाकडून मेंदूला येणारे निरोप काही मुलांना फार मोठ्यानं ऐकू येतात, काही फार हळू. रेवतीच्या बाबतीत दोन्ही होतं. बाहेरचं सगळं मोठ्यानं, म्हणजे शिवण, वास, आवाज. आतलं सगळं हळू, म्हणजे भूक, लघवी, आणि श्वास. छाती आवळली की तिला एवढंच कळायचं, की गळ्यापाशी काहीतरी नकोसं आहे, आणि नकोसं म्हटलं की तिला माहीत होता तो कपडाच. दम्यामुळं हे आलं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, तसं ठामपणे सांगता येत नाही, पण दोन्ही एकत्र असलेली मुलं तिच्याकडं येतात आणि त्यांच्यात एक दुखणं दुसऱ्याला झाकतं.

मी खाली जाऊन सिस्टरांना हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी दोनदा ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे ह्याले नाव आहे!" त्या म्हणाल्या. "वॉर्डात अशी कितीक लेकरं पाहिली वो. आम्ही त्यांले किरकिरी म्हणत होतो." मग म्हणाल्या, "मी पण म्हटलं आहे."

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. रेवतीचं बोट गळ्याकडं गेलं रे गेलं की मी पंप घेऊन धावायची. हिवाळ्यात आम्ही चार मराठी घरं मिळून कानोत्याच्या धरणावर सहलीला गेलो होतो. भाभीजींनी विणलेला लोकरीचा स्वेटर मी रेवतीला घातला होता. तिनं गळा ओढला, मी पंप काढला, ती पळाली. पंप हातात घेऊन मी पुढं ती मागं, नाही, ती पुढं मी मागं, अशा आम्ही धरणाच्या काठानं धावत होतो आणि ती ओरडत होती, "मम्मी, खरंच टोचतंय!"

सिस्टर सतरंजीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "आधी ऐकत नव्हती, आता जास्तच ऐकून राहिली," त्या म्हणाल्या. मग धापा टाकत परतलेल्या मला शेजारी बसवून त्यांनी हळू आवाजात सांगितलं, "तिलेच विचार ना वो. तिची छाती आहे."

चार वर्षांच्या मुलीला काय विचारायचं? पण सिस्टरांनी विचारायला सुरुवात केली होती. त्या तिला जिना चढायला-उतरायला लावत, मग छातीवर हात ठेवायला सांगत. "आता कसा आहे श्वास?" रेवतीनं आपले शब्द शोधले. खेळून आली की "मोठा". झोपून उठली की "नरम". आणि छाती आवळायला लागली की "पतला". हिंदीतला तो शब्द आमच्या घरात औषधाच्या डब्याशेजारी जाऊन बसला. "कापड की श्वास?" एवढं विचारलं, की ती छातीवर हात ठेवायची, थोडा वेळ डोळे मिटायची आणि सांगायची. पहिल्या पहिल्यांदा चुकायची. सहा वर्षांची होईपर्यंत क्वचितच चुकायला लागली. तिच्या शाळेच्या दप्तरात पंप असायचा आणि कधी घ्यायचा ते ती बाईंना स्वतः सांगायची. त्या वर्षात आम्ही एकदाही घाईनं दवाखान्यात गेलो नाही.

ते दिवस फार सुखाचे होते. मी गच्चीवर शिवायची, रेवती सिस्टरांकडं अभ्यास करायची. बुद्धपौर्णिमेला सिस्टरांच्या हातची खीर, संक्रांतीला आमच्या तीळगुळाची वाटी, आणि अधूनमधून भाभीजींची कचोरी. भाभीजींच्या नातवाला न्यूमोनिया झाल्याचं सिस्टरांनी जिन्यातच ओळखलं होतं. तेव्हापासून भाभीजी त्यांच्यासमोर हार घालून खुशाल बसायच्या.

मग सिस्टर वर येईनाशा झाल्या. "गुडघे," त्या म्हणाल्या. आम्ही मान्य केलं. साठीच्या पुढच्या बाईचे गुडघे दुखतात, त्यात विशेष काय? मी त्यांना तेल गरम करून दिलं. त्यांनी थँक्यू म्हणून ते कपाटात ठेवून दिलं.

एका रविवारी मी आणि रेवती त्यांच्याकडं बसलो होतो. सिस्टर मटार सोलत होत्या आणि सारखा गळ्याजवळचा पदर सैल करत होत्या. रेवतीनं पुस्तक मिटलं.

"सिस्टरआजी, कापड की श्वास?"

"कापड वो. नवी साडी आहे."

"मग पदर काढ."

मी तिला दटावणार होते, पण सिस्टरांनी हसत हसत पदर गळ्यावरून काढून खांद्यावर टाकला आणि पुन्हा शेंग उचलली. दोन शेंगा झाल्या. त्यांचा हात आपोआप परत गळ्याकडं गेला आणि तिथं काही नव्हतं.

"आजी, कापड तर नाहीये," रेवती म्हणाली.

सिस्टरांनी मटाराचं ताट बाजूला ठेवलं. मी त्यांना कधीच असं बसलेलं पाहिलं नव्हतं, खांदे सोडून, हात मांडीत टाकून. त्यांनी आपल्या छातीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि त्या म्हणाल्या, "पतला आहे गं."

हृदय थकलं होतं, छातीत पाणी साचायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. पायांवर सूज होती, ती त्यांनी मोज्यांत लपवली होती. दवाखान्यातल्या खाटेवर बसून त्या मला सांगत होत्या, "तीस वर्षं दुसऱ्यांच्या छात्या ऐकल्या. माह्या छातीले म्हणून राहिली होती, चूप बस, आता नको." मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांना चांगलं झापलं. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं.

या वेळी मिलिंद आला तो त्यांना घेऊनच गेला. निघताना सिस्टरांनी फार काही केलं नाही. भाभीजींना नमस्कार केला, मला म्हणाल्या, "शिवत राहा, पण मास्क बांधून." रेवतीला मात्र त्यांनी आपल्यासमोर उभं केलं आणि विचारलं, "मी आता काय करायचं?" रेवतीनं गंभीरपणे सांगितलं, "कुणालातरी सांगायचं. रोज." सिस्टरांनी मान डोलावली आणि त्या गाडीत बसल्या.

त्यानंतर दोन वर्षं फोनवर गप्पा व्हायच्या. गेल्या हिवाळ्यात मिलिंदचा फोन आला, आई गेली म्हणून. रेवती शाळेतून आली. ती आता नऊ वर्षांची झाली आहे, तिच्यापासून काही लपवता येत नाही. मी सांगितलं. ती दप्तर न काढता दाराजवळच बसली आणि पहिला प्रश्न तिनं हा विचारला, "तिकडे तिला कुणी विचारायचं का?"

मी तिच्यासमोरच मिलिंदला फोन लावला आणि संकोचतच विचारलं.

"विचारावं नाही लागलं, ताई," तो म्हणाला. "सकाळी चहाचा कप हाती घेतला की स्वतःच सांगायची, आज छाती कशी आहे ते. एकही दिवस चुकली नाही. त्या सकाळी पण सांगितलं. म्हणून तर मी ऑफिसले गेलो नाही, पोरांलेही शाळेत पाठवलं नाही. आम्ही सगळे तिच्याजवळ होतो."

रेवतीनं ते ऐकलं. "मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि दप्तर काढून माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडू लागली. मी तिला घट्ट आवळून धरलं.